गाडी तापते काहून?

मोबाईलवर बोलून मजकूर कसा लिहायचा हे सासूबाई नुकत्याच शिकल्या होत्या. त्या दिवसांत त्या फोनला इतक्या मोठ्यानं सूचना देत की शिट्टी झाली समजून शेजारच्या घरात कोणीतरी कुकर बंद करायला उठावं. त्यामुळे कामठीच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर त्यांनी जे लिहिलं, ते ग्रुपच्या आधी आम्हाला सगळ्यांना कळलं.

शाळा सोडून जमाना झालेल्या या बायका हिवाळ्यातल्या एका रविवारी कामठीला भेटणार होत्या. एकीच्या घराला मोठं अंगण होतं, तिथं. कोण कशानं येणार याची ग्रुपवर चर्चा सुरू होती. एकीला मुलगा कारनं सोडणार होता. एकीच्या जावयानं म्हणे नवी मोठी गाडी घेतली होती, आणि तिनं त्या गाडीचा फोटोही टाकला होता. सासूबाईंनी तो फोटो चष्मा वर करून पाहिला, चष्मा खाली करून पाहिला, मग फोन तोंडाजवळ नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मी मोटरसायकलवर येऊन राहिली!"

सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही, पण त्याच्या वरून त्यांच्या भुवया दिसल्या, आणि त्या भुवयांवरून कळत होतं की माणूस खूष झालाय.

मोटरसायकल म्हणजे त्यांची मोटरसायकल. माझ्या नवऱ्याच्या जन्माआधीची. काळी, फोर-स्ट्रोक, एका सिलिंडरची. सासरे पाटबंधारे खात्यात कारकून होते, आणि नोकरीची सगळी वर्षं ते त्याच गाडीनं ऑफिसला गेले. आता ती पोर्चमध्ये जुन्या चादरीखाली असे. रोज सकाळी ते चादर काढत, गाडी पुसत आणि चादर पुन्हा घालत. आठवड्यातून एकदा किराण्याच्या दुकानापर्यंत चक्कर मारत. टाकीवर तोंड दिसेल अशी चकाकी होती. इंजिनावर मात्र दर दसऱ्याला चांदीचा रंग लावून लावून ते पुरणपोळीसारखं गुबगुबीत झालं होतं.

मेसेजनंतर दोनच दिवसांनी सासरे त्याच गाडीला साबण लावताना फेसावर घसरले. उजव्या मनगटाला प्लास्टर आलं.

"टॅक्सी करा," रायपूरहून नवऱ्याचा फोन आला. तो तिथं कामाला होता आणि महिन्यातून एखादा शनिवार-रविवार घरी येई. "आणि ती गाडी विका आता."

"टॅक्सीनं गेली तं माह्यं तोंड काय राहते?" सासूबाई म्हणाल्या, आणि फोन बंद करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी इथंच नागपुरात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होते. रोज स्कूटीनं जायची. लग्नाआधी हौसेनं गिअरच्या गाडीचं लायसन्स काढलेलं होतं, पण ते काढलं त्या दिवसानंतर गिअरला पाय लावला नव्हता. ही गोष्ट घरात फक्त सासूबाईंना माहीत होती, आणि मीच ती त्यांना कधीतरी भाजी निवडताना सांगितली होती.

"तुह्याजवळ लायसन्स आहे ना वं?"

"आई, ते लायसन्स आहे फक्त."

"मंग? लायसन्स काय भाजी चिरायले देते का सरकार?"

दुसऱ्या दिवशीपासून माझी शिकवणी सुरू झाली. घराजवळच्या मैदानात, सकाळी, क्रिकेटवाले यायच्या आधी. सासरे गळ्यात अडकवलेला हात घेऊन मध्यभागी उभे राहत आणि दुसऱ्या हातानं वाहतूक पोलिसासारखे इशारे करत. किक मारणं मला पहिल्यांदा जमेचना. पाय उलटा यायचा. मग एकदा जमलं, आणि ती गाडी अशी काही धडधडली की माझ्या बरगड्यांना गुदगुल्या झाल्या. मी हसायला लागले आणि त्या हसण्यात क्लच सुटला. गाडी बेडकासारखी एक उडी मारून बंद पडली.

"हसू नोको, क्लच धर!" सासरे ओरडले. ओरडताना तेही हसत होते.

पण तिसऱ्या-चौथ्या सकाळी मी मैदानाला गोल फेरी मारली, दुसरा गिअर टाकला, आणि थंड वारा कानांत शिरला. स्कूटीवर मी रोज बसते, पण स्कूटी म्हणजे खुर्ची. ही गाडी मात्र जिवंत जनावरासारखी वाटली. मी आणखी एक फेरी मारली, मग आणखी एक. सासरे थांब थांब म्हणून हात हलवत होते, आणि मला वाटलं ते शाबासकी देताहेत, म्हणून मी आणखी एक मारली.

मग पहिली लांबची चक्कर ठरली. कळमन्याच्या बाजारातून संत्री आणायची. सासूबाईंना मैत्रिणींसाठी संत्री न्यायची होती आणि त्याआधी नमुना पाहायचा होता. एका रविवारी सासरे माझ्या मागे बसले, डावा हात सीटच्या पट्ट्याला, उजवा गळ्यात. लकडगंजातल्या लाकडाच्या वखारी मागे पडल्या, ट्रकांच्या मधून मी गाडी काढली आणि मला वाटलं की मी आता जगात काहीही करू शकते. तेवढ्यात गाडीला खोकला आला.

ॲक्सिलरेटर पिळावा तर गाडी पुढे जायच्याऐवजी मागे ओढल्यासारखी होई. दोन ठसके, एक फुसका, आणि बाजाराच्या फाटकाच्या अलीकडे ती बंद पडली. इंजिनातून तापलेल्या तव्याचा वास येत होता. सासऱ्यांनी बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब इंजिनावर सोडला. चर्रर्र झालं आणि थेंब गायब.

"बापा! लय तापली," ते म्हणाले. "पेट्रोल आहे का, पाह्य बरं."

मी टाकीचं झाकण उघडून पाहिलं. पेट्रोल होतं. झाकण लावलं. आम्ही आत जाऊन संत्री पाहिली. मालाचे ढीग जमिनीवर होते, आणि त्या नारिंगी ढिगांमध्ये आम्ही दोघं हेल्मेट घालूनच फिरत होतो. एका व्यापाऱ्यानं चाखायला दिलेलं संत्रं सासऱ्यांना एका हातानं सोलता येईना, म्हणून मी सोलून देत होते आणि ते बिया थुंकत निदान करत होते.

"पेट्रोल आहे. प्लग आहे. तं मंग गाडी तापते काहून?"

परत आलो तर गाडी एका किकमध्ये सुरू. अर्ध्या वाटेवर पुन्हा ठसके, पुन्हा बंद. उरलेला रस्ता मी गाडी ढकलत आणली. मागून सासरे डाव्या हातानं जोर लावत होते, आणि हँडलला अडकवलेल्या पिशवीतली संत्री एकेक करून रस्त्यावर उड्या मारत होती. एक ट्रकवाला काच खाली करून म्हणाला, "अंकल, बेटी को गाडी पे बिठाओ, आप ढकलो!" सासरे इतके हसले की त्यांचा जोर गेला आणि सगळा भार माझ्यावर आला.

घरी आल्यावर सासऱ्यांनी अपराधी सापडल्याच्या सुरात जाहीर केलं, "रंग."

त्यांचं म्हणणं असं की हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरून पापुद्रे असतात. वारा त्या पापुद्र्यांमधून जातो आणि उष्णता घेऊन जातो. आणि त्यांनी स्वतः इतक्या दसऱ्यांना इतका रंग लावला की पापुद्र्यांना घोंगडी पांघरल्यासारखं झालं. वर चिखल आणि तेल. "मीच तिले स्वेटर घातलं," ते म्हणाले. पुढचे काही दिवस दवाखान्यातून आले की मी पोर्चमध्ये बसून तारेच्या ब्रशनं इंजिन खरवडत होते. चांदीच्या सालींनी पोर्च भरला. दवाखान्यातून मी दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश आणले होते, तेही वापरले. सासूबाई चहा घेऊन आल्या, वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "मशीनचे दात घासून राहिली का वं?" इंजिनातलं तेलही बदललं. जुनं तेल डांबरासारखं निघालं, आणि सासऱ्यांनी ते पाहून आपल्या कपाळाला हात लावला, प्लास्टरचा.

पुन्हा चक्कर मारली. गाडी आधीपेक्षा जास्त लांब गेली आणि मग बंद पडली. आम्ही उभ्या उभ्या एकमेकांना टाळी दिली, कारण पुढे तर गेलो होतो.

मग मेकॅनिक. लकडगंजातल्या वखारींच्या गल्लीत त्याचं दुकान आहे, आणि त्याच्या सगळ्या गाड्यांवर लाकडाच्या भुशाचा थर असतो. तो सासऱ्यांना जुना ओळखत होता. त्यानं आधी झाकण उघडून टाकीत डोकावलं, मग झाकण लावून गाडी सुरू केली, आणि ती कितीतरी वेळ अगदी गुणी मुलीसारखी धडधडत राहिली.

"काहीच तं नाही काकाजी," तो म्हणाला.

"भाऊ, इथं नाही करत ती. रस्त्यावर करते," मी म्हणाले.

त्यानं मन लावून काम केलं. प्लग काढला. त्याचं टोक चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. "हे पाहा वहिनी, हवा जास्त चालली, पेट्रोल कमी पोचते. म्हून तापते." त्यानं कार्बोरेटर उघडून धुतला. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबराला तडा गेला होता, त्या तड्यातून जास्तीची हवा आत जात होती, तेही बदललं. गल्लीत एक चक्कर मारली. गाडी पळाली. मी उड्या मारायच्या बेतात होते, पण सासरे बरोबर होते म्हणून फक्त टाचा उचलल्या.

दुसऱ्या दिवशी पारडीच्या पुढे ती पुन्हा थांबली.

आता ग्रुपवर सासूबाईंच्या मोटरसायकलचीच चर्चा होती. कोणीतरी विचारलं, "अगं, खरंच येणार का गाडीवर?" सासूबाईंनी फोनला उत्तर सांगितलं, "मी काय खोटं बोलून राहिली का?" फोनने ते काय लिहिलं कुणास ठाऊक, पण पलीकडून हसणाऱ्या तोंडांची रांग आली. त्या दिवशी सासूबाईंनी ठरवलं की आता त्या स्वतः लक्ष घालणार.

त्यांनी एक ई-रिक्षा ठरवली आणि माझ्या मागे मागे आल्या. पुढे मी गाडीवर, मागे रिक्षात त्या, गुडघ्यावर पर्स घेऊन, एखाद्या मिरवणुकीच्या पाहुण्यासारख्या. गाडी बंद पडली तशी रिक्षा बाजूला लागली. सासूबाई उतरल्या आणि म्हणाल्या, "एक सांग, तो मागचा लाल लाईट सारखा काहून जळून राहिला?"

"कुठला लाल लाईट?"

"मागचा. घरापासून इथपर्यंत. एकदा नाही विझला."

मी माझ्या उजव्या पायाकडे पाहिलं. तो ब्रेकवर होता. मैदानात शिकताना भीतीनं तिथं ठेवलेला पाय तिथंच राहिला होता. मागच्या चाकाचा मधला भाग हात लावता येणार नाही असा तापला होता. म्हणजे मी एका पायानं गाडीला धरून ठेवत होते आणि हातानं तिला पळ म्हणत होते. मला आधी लाज वाटली, मग हसू आलं, आणि हसू आलं ते थांबेना. रिक्षावाला हसायला लागला. सासूबाई रस्त्याच्या कडेला खाली बसल्या आणि पदरानं डोळे पुसू लागल्या. घरी सासऱ्यांना सांगितलं तर ते आधी गंभीर झाले आणि म्हणाले, "म्हंजे इंजिन बिचारं दोन माणसं अन् एक ब्रेक ओढून राहिलं होतं." मग तेही हसत सुटले.

पाय उचलून चालवायला मी शिकले. आता गाडी पुष्कळ कमी तापत होती. ठसके मात्र अजून अधूनमधून येत, पण ते आल्यावर थोडं थांबलं की गाडी चालू होई. आम्ही ठरवलं की कामठी काही फार लांब नाही. मध्ये एकदा थांबू, चहा पिऊ, गाडी थंड होईल. सासऱ्यांनी बाटलीभर पाणी, एक जादा प्लग आणि पाना एका जुन्या मोज्यात घालून दिला.

रविवार उजाडला. सासूबाई खोलीतून बाहेर आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. त्यांनी माझा सलवार-कुर्ता घातला होता. आयुष्यात पहिल्यांदा. "साडीत एका बाजूनं बसली तं तुहा तोल जाईन," त्या म्हणाल्या, "आज मी माणसासारखी बसणार." सासरे त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी डोळे किलकिले केले आणि फक्त एवढंच म्हणाले, "हेल्मेटचा पट्टा लाव नीट."

निघालो. हवेत बोचरी थंडी होती, रस्ते मोकळे होते, आणि कामठी रोडवर मेट्रोच्या खांबांच्या सावल्या एकामागून एक अंगावरून जात होत्या. सासूबाईंनी मला दोन्ही हातांनी कमरेला धरलं होतं. आमच्या दोघींच्या मध्ये संत्र्यांची पिशवी. सुरुवातीला त्या पुटपुटत होत्या, मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. मग लक्षात आलं, त्या दुकानांच्या पाट्या वाचत होत्या, मोठ्यानं, एकेक, लहान मुलासारख्या.

ऑटोमोटिव्ह चौक मागे पडला आणि थोड्या वेळानं तो ओळखीचा ठसका आला. पाय ब्रेकवर नव्हता, मी पाहिलं. अजून एक ठसका. गाडी कडेला घेतली आणि ती बंद झाली.

"आली का तिची उबळ?" मागून सासूबाई म्हणाल्या.

दोघी उतरलो. हेल्मेट कोणीच काढलं नाही. मी सासऱ्यांना फोन लावला. पहिली घंटा पूर्ण व्हायच्या आत त्यांनी उचलला, म्हणजे फोन हातातच होता.

"पेट्रोल?" ते म्हणाले.

"आहे बाबा, काल भरलं ना."

"तरी उघडून पाह्य."

मी झाकण फिरवलं आणि उचललं. स्सस्स झालं. बारीक, पण स्पष्ट. एखाद्यानं दम रोखून धरला असावा आणि आता आत ओढला असावा तसं. ट्रकांच्या गोंगाटात मी आधी कधी ते ऐकलं नव्हतं. इथं रविवारची सकाळ होती आणि रस्ता शांत होता.

मी झाकण लावलं आणि सहज म्हणून किक मारली. इंजिन अजून तितकंच गरम होतं, जरासुद्धा थंड झालं नव्हतं. आणि गाडी एका किकमध्ये सुरू झाली!

मी बंद केली. माझ्या डोक्यात काहीतरी टकटक करायला लागलं. गाडी थंड झाल्यावर सुरू होते असं आम्ही धरून चाललो होतो. पण आत्ता ती थंड नव्हती. आत्ता मी फक्त झाकण उघडलं होतं. कळमन्याला झाकण उघडलं होतं. मेकॅनिकनंही आधी झाकणच उघडलं होतं, म्हणून त्याच्या दुकानात ती बंद पडली नाही.

"आई," मी म्हणाले, "टाकीत हवा जात नाहीये."

"मंग पेट्रोल खाली कसं उतरीन?" सासूबाई लगेच म्हणाल्या. "तेलाच्या डब्याले एकच भोक पाडलं तं तेल पडते का? दुसरं पाडाच लागते."

आम्ही दोघींनी झाकण उलटं करून पाहिलं. हवेसाठी त्यात बारीक भोक असतं हे मला मेकॅनिकच्या दुकानात बसून बसून कळलं होतं. भोक दिसेचना. त्यावर एक काळी गोल चकती बसवलेली होती, कात्रीनं कापलेली, कडा जरा वाकड्यातिकड्या. सायकलच्या ट्यूबचं रबर होतं ते.

फोन अजून चालू होता. आतून सासरे "काय झालं? काय झालं?" करत होते.

"बाबा, झाकणाच्या आत हे रबर कोणी लावलं?"

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "मीच लावलं."

"काहून?" सासूबाईंनी माझ्या हातातला फोन घेऊन विचारलं.

"मागच्या दिवाळीले तूच म्हणाली ना, साडीले पेट्रोलचा वास येते म्हून. मंग मी वास बंद केला."

सासूबाईंनी हेल्मेटच्या आतून माझ्याकडे पाहिलं. "इतके लाड?" त्या फोनमध्ये म्हणाल्या. "इतके लाड की गाडीचा श्वासच बंद केला?" पलीकडून सासऱ्यांचं हसणं ऐकू आलं, ते खोकल्यात गेलं, मग पुन्हा हसण्यात आलं. आणि आम्ही दोघी कामठी रोडच्या कडेला एकमेकींच्या हेल्मेटवर डोकं आपटून हसत होतो. एक दूधवाला सायकल थांबवून विचारायला आला की काही लागलं का.

सासूबाईंनी ओढणीची सेफ्टी पिन काढली. चकती निघाली. खाली ते बारीक भोक होतं, स्वच्छ. मी त्यातून फुंकर मारली आणि हवा पलीकडे गेली.

त्यानंतर गाडी जी चालली! मला आजही तिचं वर्णन नीट करता येणार नाही. इतके दिवस ती माझ्याशी भांडत होती, आणि आता पिळलं की जात होती, तिचं तिलाच आश्चर्य वाटत असावं अशी. इंजिनाचा आवाज गोल झाला. उघड्या माळावर पोचल्यावर मी चौथा गिअर टाकला. पाठीमागून सासूबाई ओरडल्या, मला वाटलं हळू म्हणताहेत.

"काय?"

"अजून!" त्या ओरडल्या. "अजून जाते का?"

जात होती. आम्ही एका बसला मागे टाकलं. खिडकीतल्या एका बाईनं हात हलवला, सासूबाईंनी दोन्ही हात सोडून हलवले, मी किंचाळले, त्यांनी पुन्हा मला धरलं.

कामठीत लष्करी छावणीच्या झाडांखालून गेलो, हातमागाचा खटखट आवाज येणाऱ्या दोन गल्ल्या ओलांडल्या आणि त्या अंगणापुढे मी गाडी उभी केली, बंद न करता. मुद्दाम. धडधड ऐकून बायका बाहेर आल्या. काठीवाल्या, गुडघ्याला पट्टावाल्या, रेशमी साडीवाल्या. फाटकात एक मोठी पांढरी कार उभी होती, ती कोणाच्या जावयाची ते मी लगेच ओळखलं. सासूबाई उतरल्या. हेल्मेट काढलं. केस सगळे उभे राहिले होते, आणि अंगात माझा निळा सलवार-कुर्ता.

कोणीतरी शाळेतल्या त्यांच्या टोपणनावानं हाक मारली. मी ते नाव कधीच ऐकलं नव्हतं. सासूबाई गर्रकन वळल्या आणि त्या क्षणी त्यांचं वय कुठे गेलं ते मला दिसलं नाही.

संत्री कोणी खाल्लीच नाहीत. पहिल्या दहा मिनिटांत एक आजी गाडीजवळ येऊन उभी राहिली, सीटवर हात फिरवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मले बसता येईन का गा... नाही, का वं?" आणि मला पुरुषासारखं 'गा' म्हटलं म्हणून स्वतःच्याच चुकीवर खुदकन हसली. मी त्यांना समोरच्या मैदानाला एक फेरी मारून आणली. फेरीभर त्या माझ्या कानाशी "हो हो हो" एवढंच म्हणत होत्या. मग रांग लागली. जावयाच्या कारवाल्या बाईंनी आधी नाक मुरडलं, आणि मग त्यांचा नंबर आला तेव्हा त्यांनी दोन फेऱ्या मागितल्या. रांगेत भांडण झालं. सासूबाई कंडक्टरसारख्या रांगेच्या तोंडाशी उभ्या राहून एकेकीला हेल्मेट चढवत होत्या आणि दम देत होत्या, "हात सोडायचे नाहीत!"

मी इतक्या फेऱ्या मारल्या की माझे हात भरून आले, आणि गाडी एकदाही खोकली नाही.

मध्येच शेअर ऑटोतून सासरे उतरले. घरी त्यांना बसवलं नसेल. गळ्यातला हात सावरत ते सरळ गाडीकडे गेले, मैत्रिणींकडे पाहिलंही नाही, आणि इंजिनाजवळ डाव्या हाताचा तळवा नेला. थोडा जवळ, आणखी थोडा.

"गरम आहे," ते म्हणाले, "पण शाण्यासारखी गरम आहे."

मग त्यांच्या लक्षात आलं की अंगणातल्या सगळ्या बायका त्यांच्याकडे पाहताहेत. एकीनं विचारलं, "रबर लावणारे तुम्हीच का?" म्हणजे सासूबाईंनी आल्या आल्या सगळं सांगून टाकलं होतं. ते कानांपर्यंत लाल झाले आणि खुर्ची ओढून बसले. मग जेवणभर त्यांच्या ताटात कोणी ना कोणी काहीतरी वाढतच होतं.

दुपार उतरायला लागल्यावर ते पुन्हा शेअर ऑटोत बसले आणि आम्ही दोघी गाडीवर. मुख्य रस्त्यावर आलो. नागपूरकडे वळायला मी हँडल फिरवलं, तेवढ्यात खांद्यावर थाप पडली.

"तिकडे नोको," सासूबाई म्हणाल्या. "कन्हानच्या पुलापर्यंत जाऊ."

"तिथं काय आहे?"

"काही नाही. नदी आहे."

मी गाडी दुसऱ्या बाजूला वळवली. पुलाजवळ गाडी थांबवून आम्ही नदी पाहिली. पाणी कमी होतं, वाळूत दोन-तीन बगळे उभे होते, पलीकडून कोळशाचा एक ट्रक कण्हत गेला. पाहण्यासारखं खरंच काही नव्हतं. सासूबाई कठड्याला टेकून मैत्रिणींच्या नकला करत होत्या. कोण कशी बसली, कोणी डोळे मिटले, कोण माझ्या कानात किंचाळली. मग एकदम म्हणाल्या, "किक कशी मारते, दाखव बरं."

मी दाखवलं. त्यांनी मारली. पाय उलटा आला. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी गाडी धडधडली आणि त्या दचकून मागे सरकल्या. मग लगेच पुढे झाल्या आणि हँडलला हात लावून उभ्या राहिल्या, तोंड उघडं ठेवून, न हसता, नुसत्या ऐकत. बगळे उडाले.

घरी पोचलो तेव्हा सासरे फाटकात उभे होते. "कुठं होत्या इतका वेळ? मी ऑटोनं येऊन चहा पिऊन मोकळा झालो!"

"पेट्रोलचा वास घेत होतो," सासूबाई म्हणाल्या आणि सलवारीवरची धूळ झटकत, मला डोळा मारून, घरात शिरल्या.